फी कोण ठरवतं, आणि कोण भरतं?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला आहे, वाढती फी आणि विद्यार्थ्यांवरचं कर्ज. मी अर्थतज्ज्ञ नाही. एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यालयात मी २२ वर्षं नोकरी केली, त्यातली १६ वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते बहुतेक त्या टेबलावर पाहिलेलं आहे. पुस्तकातलं थोडं, फायलींतलं जास्त.

आधी एक विचारते. तुमच्या कॉलेजची फी कोण ठरवतं? मागून कुणी म्हणालं 'संस्थेचे अध्यक्ष'. कुणी म्हणतंय 'युनिव्हर्सिटी'. 'सरकार' असंही ऐकू आलं. इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए, नर्सिंग, लॉ, बीएड अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१५ च्या कायद्यानं ते स्थापन झालं. कॉलेज आपला मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित खर्च प्राधिकरणाकडे पाठवतं, पगार किती, इतर खर्च किती. त्याला विद्यार्थ्यांच्या संख्येनं भागून फी निघते. मंजूर झालेली फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. मोबाइलवर दोन मिनिटांत दिसते. माझ्या १६ वर्षांत ती बघून आलेले विद्यार्थी किती असतील? दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळे क्लार्क सांगेल ती फी असं समजून पैसे मोजायचे.

खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं या प्राधिकरणाच्या बाहेर आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता हे सगळं सुरू कधी झालं? १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रानं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. तेव्हा आपली मुलं कॅपिटेशन भरून कर्नाटकात शिकायला जायची, तर तो पैसा आणि ती कॉलेजं इथेच का नकोत, असा युक्तिवाद होता. तो अगदीच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या कॉलेजांमधून खेड्यापाड्यातली पहिली पिढी इंजिनिअर झाली, त्यात आपलीही मुलं होती. पण त्याच वेळी एक गोष्ट ठरून गेली. नवं कॉलेज निघालं तर त्याचा खर्च सरकार करणार नाही, शिकणाऱ्याचा बाप करेल. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा आला, म्हणजे चारच वर्षांत त्याची गरज पडली.

मग कोर्टबाजी. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उन्नीकृष्णन खटल्यात योजना आखून दिली, निम्म्या जागा 'फ्री', निम्म्या 'पेमेंट'. पेमेंटवाल्याच्या पैशातून फ्रीवाला शिकायचा. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठानं ती योजना रद्द केली. २००५ मध्ये आणखी एक निकाल आला, विनाअनुदानित संस्थेवर सरकार आपला कोटा लादू शकत नाही असा. त्या खटल्याला पुण्याचे शिक्षणसंस्थाचालक पी. ए. इनामदार यांचं नाव आहे. म्हणजे देशभरातले वकील ज्याचा दाखला देतात, त्या निकालाला आपल्याच समाजातल्या माणसाचं नाव. अल्पसंख्याक संस्थांचे हक्क हा त्यातला मोठा मुद्दा होता आणि तो महत्त्वाचाच आहे. पण घटनेचं कलम ३० संस्थेला हक्क देतं. त्या संस्थेत शिकणाऱ्या रिक्षावाल्याच्या पोरीनं फी कुठून आणायची, याबद्दल ते काही बोलत नाही. आपल्या समाजात संस्थेचा हक्क आणि विद्यार्थ्याचा हक्क ही एकच गोष्ट समजली जाते. माझं तसं मत नाही.

इतिहास इथेच सोडते. आता पावतीकडे येऊ.

तुमच्या फीच्या पावतीवर शिक्षण शुल्क वेगळं, विकास शुल्क वेगळं, परीक्षा शुल्क वेगळं लिहिलेलं असतं. सरकार जी सवलत देतं ती शिक्षण शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावर. विकास शुल्क, हॉस्टेल, बस, मेस हे तुमच्या खिशातून. म्हणून 'फी माफ झाली' असं ऐकून आलेला बाप खिडकीवर पंधरा-वीस हजारांचा आकडा ऐकतो आणि त्याला वाटतं आपल्याला फसवलं. भांडण होतं. बरेचदा त्या भांडणातच ॲडमिशन राहून जाते. मी ते होताना पाहिलं आहे, दर वर्षी. म्हणून पावतीवरच्या प्रत्येक ओळीचा अर्थ विचारा. मंजूर फीपेक्षा जास्त मागत असतील तर प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. आणि ॲडमिशन रद्द करताना कॉलेज मूळ मार्कशीट, लिव्हिंग अडवून धरत असेल तर तसं करता येत नाही, हे यूजीसीनं २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट सांगितलं आहे.

आता ज्यासाठी मी खरं तर इथे आले आहे, ते. कागदपत्रं.

महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. खुल्या प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्काच्या ५० टक्के रक्कम मिळते. शेख, सय्यद, पठाण, कुणीही असो, मिळते. शाहू महाराजांचं नाव त्या योजनेला शोभतं, कारण १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकारानं. ओबीसींना वेगळी योजना आहे, तिथेही साधारण निम्मं शुल्क मिळायचं. आणि जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला: ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, म्हणजे ईडब्ल्यूएस, यांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठांत नाही.

मैत्रिणींनो, हे तुमच्याबद्दल आहे. शंभर टक्के.

मग आपल्या किती मुली त्याचा फायदा घेतात? जेवढ्या घेऊ शकतात त्यापेक्षा खूप कमी. आणि याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, दाखला नाही.

आपल्यातले बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, कुरेशी, असे कितीतरी समूह महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. हे आपोआप झालेलं नाही. जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं गावोगाव फिरले, तेव्हा मुस्लिम ओबीसी हा शब्द लोकांना कळला. त्या चळवळीच्या व्यासपीठावर दिलीपकुमार येत असत. हो, तेच दिलीपकुमार. त्यांचे वडील फळांचे व्यापारी होते. पण यादीत नाव असणं वेगळं आणि हातात दाखला असणं वेगळं. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आता तुमच्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात काय लिहिलं आहे? 'मुसलमान'. बस. मास्तरांनी एवढंच लिहिलं. बागवान असून बागवान लिहिलं नाही. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तेवढंही नाही.

अशा वेळी कुठे शोधायचं ते सांगते, लिहून घ्या. आजोबा नसतील तर त्यांचे सख्खे भाऊ, चुलते, म्हणजे वडिलांकडच्या रक्तातलं कुणीही शाळेत गेलं असेल तर त्यांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, गाव नमुना नंबर १४, ज्याला जुने लोक कोतवाल बुक म्हणतात, ते तहसील कार्यालयात असतं. त्यात 'अमुक तांबोळी यास मुलगा झाला' अशी नोंद सापडते, कधी मोडी लिपीत असते, तर मोडी वाचणारा शोधावा लागतो. जुनी खरेदीखतं. एका मुलीचा दाखला मी जुन्या खरेदीखतावरून होताना पाहिला आहे. पणजोबांनी दुकानाची जागा घेतली होती आणि दस्तात 'धंदा अत्तारकी' असं लिहिलं होतं. तिच्या अब्बांना ते दस्त घरात आहे हेच माहीत नव्हतं. ते दादीच्या पेटीत होतं, पिशवीत गुंडाळलेलं.

दुसरा अडथळा नावाचा. आधारवर 'शेख रुखसाना रशीद', दहावीच्या मार्कशीटवर 'रुखसाना रशीद शेख', बापाच्या रेशनकार्डावर 'रशिद स. शेख'. 'मोहम्मद' हा शब्द मी एकाच घरातल्या कागदांवर चार प्रकारे लिहिलेला पाहिला आहे. महाडीबीटीच्या संगणकाला दया-माया नसते. नाव जुळलं नाही की अर्ज परत. बँक खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही परत. दहावीचा फॉर्म भरताना दोन मिनिटं लक्ष दिलं असतं तर पुढचे सहा महिने वाचले असते, असं प्रत्येक आईबापाला मी सांगायची.

तिसरा अडथळा मनातला. 'इस्लाममध्ये जात नाही, मग जातीचा दाखला कशाला?' असं म्हणणारे वडील मला दर वर्षी भेटले. धर्मात नाही, खरंच आहे. पण लग्न जुळवताना बिरादरी विचारता, मग तहसीलदारापुढेच ती का लपवायची? आणि ज्यांची जात खरोखरच कुठल्या यादीत नाही, त्या शेख-सय्यद-पठाण घरांसाठी ईडब्ल्यूएस दाखला आहे. २०१९ च्या घटनादुरुस्तीनंतर आलेला. त्यात धर्माची अट नाही. हे आपल्या मोहल्ल्यात अजून फार कमी लोकांना माहीत आहे. हा दाखला दर वर्षी नवा काढावा लागतो, एवढं ध्यानात ठेवा.

२०१४ च्या जुलैमध्ये मुस्लिमांना ५ टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला होता. मुंबई उच्च न्यायालयानं नोव्हेंबरमध्ये नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं ५ टक्के राहू दिलं. सरकारनं मात्र त्याचा कायदा केला नाही आणि अध्यादेश संपला. त्याबद्दल बोललं पाहिजे, मागणी केली पाहिजे. पण जे मिळालं नाही त्याच्यावर आपण दहा वर्षं भाषणं केली आणि जे मिळालेलं आहे त्याचा दाखला काढायला तहसीलला गेलो नाही, हे मला बोचतं.

आता कर्ज.

समजा तुम्हाला वर्षाला १ लाख फी आहे, चार वर्षांचा कोर्स आहे, आणि दर वर्षी बँकेकडून १ लाख उचलता. व्याज १० टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. सरळ व्याज धरलं तरी पहिल्या लाखावर पाच वर्षांचं ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २०. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा तुमच्या नावावर ४ लाख नसतात, ५ लाख ४० हजार असतात. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ७,१०० रुपये. एकूण साडेआठ लाखांच्या वर. पहिली नोकरी १५-१८ हजारांची असते, आपल्या बहुतेक मुलांची तेवढीच असते. त्यातून ७,१०० काढा. पुण्यातलं कॉट-बेसिसचं भाडं काढा. घरी काय पाठवणार? आणि सिबिल बिघडलं की धाकट्या भावाचं कर्ज अडतं.

पण यातही बँक सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, नॅक किंवा एनबीए मानांकन असलेल्या ठिकाणी व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर शिकतानाच्या काळातलं आणि नंतरच्या एका वर्षाचं सगळं व्याज केंद्र सरकार भरतं. २००९ पासून ही योजना आहे. वरच्या हिशोबात ते १ लाख ४० हजार वजा करा, मग हप्ता ५,३०० च्या आसपास येतो आणि एकूण फेड सव्वासहा लाखांच्या थोडी वर. दोन लाखांहून जास्त फरक, एका उत्पन्नाच्या दाखल्यावर. कर्ज घेतानाच शाखेत तो दाखला द्यावा लागतो, तुम्ही मागितलं नाही तर मॅनेजर स्वतःहून क्वचितच सांगतो. आणि ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागता येत नाही. 'घराचे कागद आणा' असं म्हटलं तर नियम कुठे आहे ते लेखी मागा. लेखी म्हटलं की सूर बदलतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी नावाची नवी योजना आली, पण ती निवडक, वरच्या मानांकनाच्या संस्थांसाठी आहे. मालेगाव-भिवंडीचं पोरगं ज्या कॉलेजात जातं ती बहुतेक त्यात नाहीत.

आणि आता तो प्रश्न, जो तुम्ही सगळे मनात घेऊन बसला आहात. सूद.

मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. ज्याचा ईमान त्याला बँकेचं कर्ज घेऊ देत नाही त्याचा मी आदर करते. माझे वडील तसेच होते. पण १६ वर्षांत मी जे पाहिलं तेही सांगते. 'सूद हराम आहे, कर्ज नको' असं सांगून ॲडमिशन सोडलेली मुलं मला आठवतात, आणि त्यात मुली जास्त आठवतात. एक मुलगी होती, सीईटीला ९२ पर्सेंटाइल. पहिल्या वर्षाची फी अम्मीच्या बांगड्या गहाण टाकून भरली. आता सांगा, सोनं गहाण टाकलं त्यावर काय लागतं? सूदच. दुसऱ्या वर्षी ती आली नाही. मी घरी फोन केला तर वडील म्हणाले, मॅडम, सूदात पडायचं नाही आम्हाला. दोन वर्षांनी तेच गृहस्थ मुलाला घेऊन आले, मॅनेजमेंट कोट्यातून, बँकेचं मंजुरीपत्र हातात. मी काही बोलले नाही, टेबलावर बसलेल्या माणसानं ते बोलायचं नसतं. पण आज बोलते. सुदाचा विचार पोरीच्या फीला आठवतो, पोराच्या फीला कुठून तरी मार्ग सापडतो, आणि निकाहच्या हॉलला, जेवणावळीला उसनवारी करताना तो कुणाच्याच तोंडी नसतो. जो नियम पाळायचा तो सगळ्यांसाठी पाळा. त्या मुलीच्या बाबतीत तर आजच्या नियमानं प्रश्नच उरला नसता, ती बागवान होती. शिक्षण शुल्क पूर्ण माफ. कर्जाची भाषाच करायला नको होती.

ज्यांना सूद नकोच आहे त्यांच्यासाठी बिनव्याजी कर्जाची सोय समाजानं उभी केली पाहिजे, काही ठिकाणी बैतुलमालमधून ती आहेही. राज्याचं मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ २००० साली स्थापन झालं, ते शिक्षणासाठी ३ टक्के व्याजानं कर्ज देतं. बँकेपेक्षा खूप कमी. तिथे जामीनदार लागतो, आणि सरकारी नोकरीतला जामीनदार आपल्या मोहल्ल्यात कुठून आणायचा, हे त्या अर्जाला माहीत नसतं. हा प्रश्न फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये १९९८ पर्यंत तिथल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाची फीच नव्हती. त्या वर्षी १ हजार पौंड झाली, २००६ मध्ये ३ हजार, २०१२ मध्ये ९ हजार. जवळजवळ सगळी मुलं व्याजाचं सरकारी कर्ज घेऊन शिकू लागली. तिथल्या मुस्लिम विद्यार्थ्यांनी बिनव्याजी पर्याय मागितला, सरकारनं २०१४ मध्ये लोकांची मतं मागवली, २०१७ च्या कायद्यात तरतूद केली, आणि मग ती तरतूद वर्षानुवर्षं कागदावर पडून राहिली. फी वाढवायला वेळ लागला नाही, पर्याय द्यायला लागला.

आपल्याकडे तर जे होतं तेही काढून घेतलं. २०२२ हे वर्ष लक्षात ठेवा. पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती बंद. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी 'पढो परदेश' योजना बंद. डिसेंबरमध्ये लोकसभेत सांगितलं गेलं की पीएचडी करणाऱ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद. २०२४ मध्ये मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश. दुसऱ्या बाजूला आकडे बघा. सच्चर समितीनं २००६ मध्ये सांगितलं होतं की वीस वर्षांवरच्या मुस्लिमांत पदवी किंवा पदविका असलेले ४ टक्क्यांहून कमी आहेत. केंद्राच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०१९-२० मध्ये मुस्लिम विद्यार्थी सुमारे २१ लाख होते, २०२०-२१ मध्ये ते १९ लाखांवर आले. एका वर्षात सुमारे १ लाख ८० हजार कमी. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा २१ लाखांवर गेला, पण लोकसंख्येत १४ टक्के असणाऱ्यांचा उच्च शिक्षणातला वाटा अजून ५ टक्क्यांच्या आतबाहेरच आहे. एवढी कमी मुलं वर पोचत असताना शिडीच्या पायऱ्या कमी करायच्या, हा निर्णय कुणीतरी सही करून घेतला आहे.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला लिहून दिलं होतं की कर भरतो कष्टकरी आणि त्या पैशावर शिकतो वरचा वर्ग. आपला भाजीवाला, विणकर, गॅरेजवाला जीएसटी भरतो. साबणावर भरतो, मोबाइलच्या रिचार्जवर भरतो. म्हणून शिष्यवृत्ती मागताना मान खाली घालू नका.

आता थोडं आपल्या दानशूर मंडळींबद्दल, माफ करा, कदाचित काही जण इथेच बसले असतील. जून-जुलैमध्ये आपल्याकडे धनादेश वाटपाचे कार्यक्रम होतात. पाच हजार, दहा हजार, शाल, फोटो. नियत चांगली असते. पण ज्या मुलीला पाच हजारांचा चेक दिला तिचं ८० हजारांचं शिक्षण शुल्क माफ होऊ शकत होतं आणि तिच्याकडे नॉन-क्रिमीलेअर दाखला नव्हता, हे कुणी विचारलं नाही. तोच पैसा वेगळ्या पद्धतीनं वापरा. कॉलेजच्या किंवा तहसीलच्या कामाची माहिती असलेला एक निवृत्त माणूस शोधा, त्याला एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने मानधन द्या, मोहल्ल्याच्या वाचनालयात किंवा जमातखान्यात टेबल-खुर्ची आणि एक संगणक द्या. महिन्याला २० हजार धरले तरी लाखभर रुपये. त्यानं दहा मुलींचे दाखले काढले आणि प्रत्येकीचे वर्षाला ८० हजार वाचले, तर चार वर्षांचे ३२ लाख होतात. जकात यावर खर्च करता येते का, ते आलिमांना विचारा. सदका आणि वर्गणीला तर कुणाची हरकत नसावी. आणि आपल्या समाजाच्या ज्या शिक्षणसंस्था आहेत त्यांना विचारा की मंजूर फी किती, किती गरीब मुलांना तुम्ही स्वतःच्या खिशातून सवलत दिली. वार्षिक अहवालात इमारतीचा फोटो असतो, हा आकडा नसतो.

सरकारकडे काय मागायचं तेही नेमकं असावं. शिष्यवृत्तीची रक्कम त्याच शैक्षणिक वर्षात मिळावी, कारण ती उशिरा आली की कॉलेज निकाल आणि टीसी अडवतं आणि मूल सावकाराकडे जातं. मुस्लिम ओबीसींच्या जुन्या नोंदी शोधायला तहसीलमध्ये वेगळी मोहीम हवी, कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये अशी मोहीम राज्यानं राबवून दाखवली आहे, म्हणजे करता येतं. महामंडळाच्या कर्जाला जामीनदाराची अट सैल व्हावी. फेलोशिप परत सुरू व्हावी. खासगी विद्यापीठांच्या फीवरही बाहेरच्या यंत्रणेचं नियंत्रण असावं. ही यादी घेऊन आमदाराकडे जाताना एकट्यानं जाऊ नका, आणि फक्त मुसलमान म्हणूनही जाऊ नका. माळी, साळी, धनगर, मराठा, सगळ्यांची मुलं त्याच महाडीबीटीच्या रांगेत उभी आहेत. माझ्या टेबलासमोरची रांग सर्वधर्मीय असायची, तिच्याइतकी एकात्मता मी दुसरीकडे फारशी पाहिली नाही.

जेवणाच्या सुट्टीला अजून वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात प्रश्न घेऊ. मघाशी बाहेर दोन मुलं विचारत होती की बीसीएला सीईटी द्यायलाच हवी का. २०२४ पासून बीसीए, बीबीए, बीएमएसला सीईटी आणि कॅप सुरू झालं आहे, आणि सवलत हवी असेल तर प्रवेश कॅपमधूनच व्हावा लागतो. पण काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून सीईटीशिवाय प्रवेश दिले आहेत, त्यांचं काय होतं ते सांगते. तिथूनच सुरू करू. बोला.